महादेवचं पान

बेलपाड्यात पितरांची पानं वाढली, की हौसाबाई जातीनं बघायला यायची. सासऱ्याचं, सासूचं, दिराचं. चुकून कुणी तिच्या नवऱ्याचं, महादेवचं, पान वाढलंच, तर ती ते उचलून आत न्यायची.

“जित्या मानसाला कुनी घास ठेवतं का रं?”

महादेव मिठागरावरचा पोर, पण शिकून हवाई दलात गेला. एकाहत्तरच्या लढाईत विमान पडलं, तो शत्रूच्या हाती सापडला आणि तिथंच कैदेत वारला, असं सरकारनं कळवलं. प्रेत काही आलं नाही. हौसा तेव्हा जेमतेम विशीची. प्रेत नाही तर मरण कसलं, म्हणून तिनं हिरवा चुडा ठेवला. गाव पाठीमागं हसलं, तोंडावर गप्प बसलं. हट्टाला पेटलेल्या बाईपुढं कोण बोलणार? पुढं शेतांत टॉवर उभे राहिले, तरी चुडा हातातच होता.

यंदा दिराच्या मुलानं, केतननं, महादेवचा फोटो फेसबुकवर टाकला आणि अमृतसरहून एका थकलेल्या सरदारजीचा व्हिडिओ कॉल आला. तो महादेवच्याच कोठडीत होता. पायाची जखम सडली, ताप चढला, माझ्या मांडीवर गेला, म्हणाला. शेवटपर्यंत घरची तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील मागत होता.

हौसा रडली नाही. “त्यो भुकेला गेला,” ती म्हणाली. “आन मी दर वरसाला त्याच्याम्होरलं पान उचललं.”

ज्या मायेवर बाई जगली, तीच तिच्यावर उलटली होती.

राहून गेलेलं दहावं गाढी नदीवर केलं. पिंडाशेजारी पानावर तिनं स्वतः थापलेली भाकरी आणि भाजलेला बोंबील ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. काकीला सांभाळू, असं केतननं हात जोडून सांगितलं. हौसानं दगडावर चुडा फोडला. तरी नाहीच. उन्हं कलली, तसा भटजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा वळायला घेतला. तो पिंडाला लावला, की झालं.

हौसानं त्यांचा हात धरला.

“नको, भटजी. खोट्यापायी त्याला जलमभर उपाशी ठेवला मी. आता गवताच्या चोचीनं जेवला म्हनून सांगू नका.”

बाकीचे घरी गेले. ती तिथंच बसून राहिली. अंधार पडताना केतन तिला न्यायला आला, तेव्हा भाकरी वाळून कडक झाली होती आणि पान तसंच होतं.