तारकर्लीच्या वाळूत रोवलेलं मेज

बाटलीतून आणलेलं समुद्राचं पाणी कोल्हापूरला पोचेपर्यंत मरतं, म्हणून सूक्ष्मदर्शकच समुद्राकडे न्यायचं सरांनी ठरवलं. साठ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. सरांना डायटमचे, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या अतिसूक्ष्म वनस्पतींचे, फोटो हवे होते. त्यांनी मला पाठवलं; सोबतीला माझा स्टुडिओवाला मामा, त्याचा कॅमेरा आणि काचेच्या पाचच प्लेटा.

फोंडा घाट एसटीने उतरणार असाल, तर खिडकीची जागा धरा. दुपट्यात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक माझ्या मांडीवर होता.

"झील काय चेडू?" मुलगा की मुलगी, ते शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं.

"एकच डोळा आहे त्याला," मामा म्हणाला. बाई मालवणपर्यंत पलीकडे सरकून बसल्या.

पुढे बैलगाडीने तारकर्ली. मासे विकणाऱ्या राधाकाकींकडे उतरलो. उकड्या तांदळाचा भात आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं इतकं झणझणीत, की मामाने तांब्याभर पाणी संपवलं.

सकाळी पडवीत मेज मांडलं, त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवून त्याच्या आरशावर ऊन घेतलं. फोटोला काही सेकंद सगळं निश्चल लागे. मामाने माजघर बंद करून लाल दिव्यात तीन प्लेटा धुतल्या. तिन्हींवर नुसता धूर! पलीकडे काकी मुसळाने भात कांडत होत्या; घावागणिक पडवीची जमीन हादरत होती.

"काकी, जरा थांबता का?"

"मगे जेवशात काय, फोटो?"

माझे डोळे भरून आले. रिकाम्या हाताने सरांसमोर कशी जाणार? काकी उठून आल्या. "रडतंस कित्याक गो? भाऊ, मेज भायर वाळूत रोवा. होडी वाळूत बसली काय हालता खंय?"

मेजाचे पाय वीतभर रोवले. चौथ्या प्लेटवर कवचाची रेघ न् रेघ उमटली! मी टाळ्याच वाजवल्या.

मग काकींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुसरा डोळा हाताने झाकून पुन्हा बघितलं. "ह्या आमच्या पाण्यात आसा?"

शेवटच्या प्लेटसाठी मी डायटमची साखळी मधोमध आणत होते. काकींनी माझा हात धरला. "मधी नको. बाजूक ऱ्हवांदे. पाणीय दिसाक होया."

"ऐक त्यांचं," मामा म्हणाला. मी ऐकलं.

सरांनी अहवालाला चौथा फोटो घेतला आणि पाचवा स्वतःच्या टेबलावर ठेवला. मीही त्यानंतर कुठल्याच फोटोची चौकट काठोकाठ भरली नाही, पाण्याला जागा ठेवली. पाचव्याची एक प्रत तारकर्लीला पाठवली. काकींनी शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं: "फोटो पावलो. भिंतीर लावलंय. लोक इचारतत, ह्यो दागिनो खंयचो? मी सांगतंय, आमच्या दर्याचो."