हिरवा झालेला विदर्भ

पडदा वर जातो. नागपुरातल्या कोष्ट्यांच्या वस्तीतली एक अनुदानित शाळा. व्हरांड्यात शिडी, शिडीवर चित्रकलेचे मास्तर बळीराम हेडाऊ, आणि समोर भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा. साल एकाहत्तर, निवडणुकीची ऐन धामधूम.

खाली उभे शाळेचे अध्यक्ष गोपाळराव, वेगळ्या विदर्भाचे उमेदवार. "मास्तर, आपला विदर्भ पिवळाधम्मक कर गा! बाकी सारं हिरवं. पोराईले आतापासूनच समजलं पाहिजे."

मास्तरांनी केला. घरचा हातमाग बंद पडलेला, शाळेतली नोकरी हंगामी, आणि कायम करण्याचा कागद गोपाळरावांच्याच सहीने निघायचा होता. बायको सुभद्रा रोज डबा हाती देताना बजावायची, "तोंड बंद ठेवजा जी. कागद येऊ द्या, मंग बोलजा काय बोलाचं ते." मास्तरांचा स्वभाव मिश्कील, तोंड बंद ठेवणं हीच त्यांची खरी नोकरी होती.

गोपाळराव निवडून आले आणि गळ्यातले हार सुकायच्या आत सत्तेतल्या पक्षात गेले. मग शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. नकाशापुढे थबकले. "सरकारी अनुदानावरच्या शाळेत हा प्रचार?"

गोपाळराव साहेबांपेक्षाही चकित झाले. असा चकित चेहरा रंगभूमीवर जमायला नटाची हयात जाते. "बळीराम! काहून केलं हे? शाळेत राजकारण?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे सुभद्रा आली. त्यांनी मान खाली घातली. "चुकलंच, भाऊसाहेब."

विदर्भ हिरवा झाला. गोपाळराव खूश. "उद्या सही करतो गा. एकच काम राह्यलं. नकाशाखाली मोठ्या अक्षरात लिही, 'शाळेत राजकारणास सक्त मनाई आहे.' त्याच्याखाली माझं नाव. अन् बाजूले आपल्या पक्षाचं चिन्ह."

शिडी पुन्हा लागली. मनाई लिहून झाली, नाव लिहून झालं. मग मास्तरांनी कुंचला डब्यात सोडला आणि खिशातून पेन्सिल काढली.

त्या पेन्सिलीपायी सही झाली नाही. सुभद्रेने अबोला धरला, आणि मग चुलीपुढे बसल्या बसल्या एकटीच हसत सुटली म्हणे. पुढे मास्तरांनी इतवारीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला, आणि बरा केला. पण त्या दिवशी शिडीवरून, खाली उभ्या गोपाळरावांकडे वळून, शाळेत ते शेवटचं बोलले ते अगदी नम्रपणे:

"चिन्ह तेवढं पेन्सिलीनं काढतो, भाऊसाहेब. पुसाले सोपं जाते."