धूर निळा होईस्तोवर

मामा उजव्या हाताचा पंजा आपल्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, “दम धरा. धूर पांढरा हाय अजून.” समोर उपाशी ट्रक ड्रायव्हर असो की कडक इस्त्रीतला पुढारी, पंजा तोच आणि वाक्य तेच. मी दर रविवारी ते ऐकायचो आणि दर रविवारी चिडायचो. भुकेल्या माणसाला धुराचा रंग दाखवत बसणारा दुकानदार तुम्ही तरी कुठं पाहिलाय का?

सेलूहून पाथरीकडं निघालं की कापसाच्या जिनिंगच्या पुढं एक मोठं कडुलिंबाचं झाड लागतं. त्याच्या मागं मामांचं पत्र्याचं घर आणि पुढं, रस्त्याच्या बाजूला, टिपाड. टिपाड म्हणजे गोडेतेलाचा मोठा लोखंडी ड्रम. खालची हवेची भोकं, वरच्या सळया, कोळशाचं दार, सगळं मीच वेल्डिंग करून दिलेलं. माझं दुकान तिथून जवळच आहे. नातं नाही, पण सगळे म्हणतात म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. तरुणपणी मामा हैदराबादकडं रस्त्याच्या कामावर होते. तिथल्या एका खानसाम्याकडून त्यांनी हे शिकून घेतलं होतं. बुडाशी बाभळीचा कोळसा, त्यावर बोरीच्या लाकडाची वाळकी ढपली, वर आकड्यांना टांगलेलं मटण आणि झाकण. जाळ अजिबात नाही, नुसती धग आणि धूर.

“पांढऱ्या धुरात मटण टांगलं की कडू झालं समजा,” मामा सांगायचे. “लाकूड रडायलंय तवर धूर पांढरा. रडणं सरलं की निळा पडतो. इतका पातळ, की हाय का न्हाई ते कळत न्हाई. त्यो खरा धूर.”

एकदा कापसाच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरनं, आपली तेवढीच मदत म्हणून, वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची, मोळीच्या मोळी टिपाडात कोंबली. मामांनी सगळा विस्तव बाहेर ओढला, पाणी मारलं आणि पुन्हा पहिल्यापासून कोळसा पेटवायला बसले. “पऱ्हाटी औषधाचा फवारा पिल्याली असती,” ते एवढंच म्हणाले. आम्ही दहाबाराजण त्या ड्रायव्हरकडं खाऊ की गिळू असं बघत बसलो. शेवटी मटण झालं तेव्हा पहिला तुकडा मामांनी त्यालाच वाढला. लाजून बिचाऱ्यानं तो खाली मान घालून खाल्ला.

आता गंमत ऐका. या माणसाची बायको माळकरी होती. मामींच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. मटण खाणं सोडाच, त्याचं नावही त्या घेत नसत. लिंबाच्या अलीकडं मामांचं राज्य आणि पलीकडं मामींचं. मामा टिपाड विझवून, अंगावर पाणी घेऊन, कपडे बदलूनच घरात पाय टाकायचे. एकादशीला आणि अख्खा श्रावण टिपाड पालथं पडलेलं असायचं. “लिंबाच्या पल्याड मी बी माळकरीच हाय,” असं सांगून ते हसायचे. एवढ्या वर्षांत मामी लिंबाच्या अलीकडं आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मग ती तापाची साथ आली. मामा त्यातून उठले, पण त्यांच्या नाकाचा वास गेला. इतरांचा परत आला, यांचा आला नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पांढरा धूर आणि निळा धूर डोळ्यांनी कळतो, पण चरबी निखाऱ्यावर गळून आतल्या आत जळू लागली की ते फक्त नाकाला कळतं. टिपाड पुन्हा सुरू झालं त्या रविवारी मटण कडू झालं. एका ड्रायव्हरनं पहिला घास खाल्ला आणि ताट तसंच ठेवून तो गाडीत जाऊन बसला. मामांनी त्या ताटातला तुकडा उचलून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग आमच्याकडं बघून विचारलं, “कडू झालंय का वो?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. “मिस्तरी, गॅस कटर घिऊन या. टिपाड कापून टाका. डोळ्यापुढं नको मला ते.”

मी नळ्या जोडत होतो, तेवढ्यात मामी लिंब ओलांडून अलीकडं आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “कापू नका, मिस्तरी. वास मी घेते.”

मामा दचकलेच. “अगं, माळ हाय तुझ्या गळ्यात!”

“माळ गळ्यात हाय. नाक तर मोकळंच हाय की,” मामी म्हणाल्या. “तुमी असे बसून ऱ्हायलाव, ते मला बघवत न्हाई.”

पुढच्या रविवारपासून लिंबाखाली बाज आली. वारा ज्या बाजूला जाईल त्या बाजूला मामी बाज ओढून बसायच्या. मामांची पाठ टिपाडाकडं आणि डोळे मामींकडं. धूर निळा पडला की मामी खोल श्वास घ्यायच्या, जरा थांबायच्या आणि हळूच म्हणायच्या, “घाला आता.” मग मामा मटण टांगायचे. मध्येच मामींचं कपाळ आठ्यांनी भरलं, की “अवो, ते जळायलंय, भोक बुजवा.” ‘ते’ म्हणजे चरबी. तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. पण सांगतो तुम्हाला, त्या दोन-तीन वर्षांत तिथं जे मटण मिळालं तसं मी आधीही कधी खाल्लं नव्हतं.

मी एकदा थट्टेनं म्हणालो, “मामा, मामींना कशाला ताप देता? नाक आम्हालाही आहे.”

“तुमी खाणारे लोक,” मामा म्हणाले. “भूक लागली की तुमाला समदाच वास गोड. तिला काई खायचं न्हाई. म्हनून तिचं नाक खोटं बोलत न्हाई.”

भजनातल्या बायका मामींना बोलल्याच. माळकरीण बाई मटणाच्या धुरात बसते, शोभतं का, वगैरे. मामींनी वाद घातला नाही. धुरातून उठलं की डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच देवापुढं दिवा लावायचा, एवढं त्यांनी पाळलं. उन्हाळ्यात ठीक होतं. पण परभणीची थंडी तुम्हाला माहीत आहे. तिन्हीसांजेला गार पाणी डोक्यावर घेऊन त्या कुडकुडत दिवा लावायच्या. मामांना ते बघवलं नाही. आयुष्यात कधी घरची चूल न पेटवलेल्या या माणसानं लिंबाच्या पलीकडं तीन दगडांची वेगळी चूल मांडली. टिपाडाचा कोळसा मामींच्या पाण्याला चालणार नाही म्हणून लाकडंही वेगळी आणली. धुराच्या दिवशी आधी मामींच्या पाण्याचं पातेलं चढायचं आणि मगच टिपाड पेटायचं. पाणी कडत झालं की मामा स्वतः न्हाणीत नेऊन ठेवायचे, गार पाणी ओतून बोट बुडवून बघायचे आणि ओरडायचे, “विसण घातलंय गं!”

मागच्या दिवाळीनंतर मामी गेल्या. पोटाचं दुखणं होतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, मामींइतकंच मामांसाठी वाटलं. तेराव्यानंतर कितीतरी दिवस टिपाड पालथंच होतं. सोनपेठला दिलेली लेक त्यांना घेऊन जायला आली होती, पण मामा म्हणाले, एकदा टिपाड पेटवतो, मग येतो.

त्या रविवारी आम्ही जुने सगळे गोळा झालो. थंडी मोप होती. मामांनी कोळसा लावला, बोरीची ढपली घातली. पांढरा धूर आला तसा त्यांचा पंजाही वर झाला, पण “दम धरा” म्हणायची गरज नव्हती. कुणालाच घाई नव्हती. हळूहळू धूर पातळ झाला, निळा पडला. मामांनी टिपाडाकडं पाठ केली आणि लिंबाखालच्या रिकाम्या बाजेकडं बघत उभे राहिले.

आम्ही वाट बघत होतो. धूर इतका छान झाला होता, की मला राहवेना. मी म्हणालो, “मामा, घाला आता.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजूत घातल्यासारखं पाहिलं आणि परत बाजेकडं तोंड केलं. मटण परातीत तसंच राहिलं. कोळशावर राख चढली, धूर विरून गेला. एकेकजण चप्पल घालून निघून गेला. शेवटी मी आणि मामा उरलो.

तेव्हा मला लिंबाच्या पलीकडून उकळत्या पाण्याचा आवाज आला. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढवलेलं होतं. सवयीनं चढवलं होतं की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. मामा तिकडं गेले, त्यांनी धोतराच्या सोग्यानं पातेलं उतरवलं आणि न्हाणीत नेऊन ठेवलं. बोट बुडवून बघितलं. चटका बसला तसं झटकन हात काढला आणि मला हाक मारली.

“मिस्तरी, लय कडत झालंय वो. जरा विसण घाला.”

मी घागरीतून तांब्या भरला आणि पातेल्यात विसण घातलं. मामांनी पुन्हा बोट बुडवलं, मान हलवली आणि न्हाणीचा पडदा सारखा करून बाहेर येऊन उभे राहिले.