दगडाचं वय, आईचं वय

दगडांची वयं काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आइसलँडमध्ये लाव्हाचे थर बघत फिरते. थरावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे असले, तर लाव्हा त्या बर्फाच्या आधीचा. हिमनदीनं आणून टाकलेल्या गोट्यांवर तो पसरलेला असला, तर नंतरचा. या दोन्हींच्या मधे कुठंतरी वय सापडतं. 'अंदाजे' लिहून सही ठोकायची. कुणी हरकत घेत नाही.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा गावाकडं, भूमला परत आले. किडनी द्यायला माझा रक्तगट जुळला नाही, आईचा जुळला. सोलापूरच्या दवाखान्यात तपासणीआधीच ती कानातली फुलं काढून, पदराला बांधून तयार. पण डॉक्टरांनी आधार कार्ड बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यावर तिचं वय अठ्ठ्याहत्तर! गावात आधारचा कॅम्प लागला, तेव्हा एसटीचं अर्धं तिकीट मिळावं म्हणून आमच्या आळीतल्या बायकांनी वयं वाढवून सांगितली होती. आई त्यात सगळ्यांच्या पुढं. मला तिचा असा संताप आला, आणि लगेच रडूही आलं.

मग तिलाच खोदायला बसले.

"बहात्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस?"

"खडी फोडायला जायाची की आईसंगं."

"लुगडं नेसायचीस?"

"कशाचं! परकरात व्हते. न्हाण आलं न्हवतं अजून."

म्हणजे हातोडा उचलण्याएवढी, पण न्हातीधुती नाही. दहा-बारा वर्षांची. आज पासष्टीच्या आतबाहेर. माझ्या धंद्यात याहून चोख पुरावा क्वचितच मिळतो.

डॉक्टर भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, मला पटतंय. पण मंजुरी देणारी समिती कागद मागते. आणि या वयात हाडांच्या फोटोवरूनही नक्की सांगता येत नाही."

आईनं शाळेचं तोंड बघितलेलं नाही. कागद आणायचा कुठनं? आधारवरचं वय दुरुस्त करायलाही कागदच हवा होता. तेवढा वेळ भावाकडं नव्हता.

बाहेर बाकावर आई सकाळपासून उपाशी बसलेली. तिला सांगितलं. ती बराच वेळ बाकाची कड नखानं खरवडत राहिली. मग नर्सला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"मेलेल्या माणसाचीबी किडनी काढत्यात म्हणं. त्यांचं वय इचारत्यात का?"

त्या दिवसापासून भावाला सोडून मी आईवर पाळत ठेवून आहे.