कॅप्सूलमधले दाणे

साबियाचं माहेर महाडकडचं आणि अजिमचं घराणं तीन पिढ्यांपासून चाकणच्या बाजूचं. त्याच्या घरची बोली दखनी, तिच्या घरची कोकणी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दोघांच्या लक्षात आलं, की एकमेकांचं निम्मंच कळतंय. मग त्यांनी मराठीचा आसरा घेतला आणि तीच त्यांची घरची भाषा झाली. त्यांची मुलगी रुबीना आता बारा वर्षांची आहे. तिला तिन्ही येतात.

अजिम छोट्या टेम्पोंचा मेकॅनिक. दिघी रोडला त्याचं गॅरेज आहे आणि वरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. साबिया निघोज्याच्या एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर आहे. गाडीत डॅशबोर्डच्या मागे रंगीत तारांचं जे जुडगं असतं, ते या बायका बोर्डावर बांधतात. कुठली पिन कुठल्या घरात जाते हे साबियाला न बघता येतं. पहिल्या शिफ्टला पहाटे साडेपाचला नाक्यावर कंपनीची बस येते. नऊ वर्षांत, एक वर्ष सोडलं तर, तिची बस क्वचितच चुकली.

ते वर्ष सात वर्षांपूर्वीचं. रुबीनानंतरचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर साबिया अंथरुणातून उठेना. रडायची नाही, बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रुबीना पाच वर्षांची होती, तिची वेणी अजिम घालायचा. तीन महिने असे गेल्यावर कुणीतरी संत तुकाराम नगरमधल्या डॉक्टर विजयश्री बोरकरांचं नाव सांगितलं. त्यांनी रोज एक कॅप्सूल सुरू केली. दीड महिन्यानं साबिया एका सकाळी उठून चहा करायला लागली. वर्षभरात ती कामावर परतली.

कॅप्सूल मात्र चालूच राहिली. साबियाला तिचा राग नव्हता, पण कधीतरी ती थांबावी असं वाटायचं. डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी आधी मोठ्या कॅप्सूलवरून मधल्या, मग सगळ्यात लहान कॅप्सूलवर आणलं. तिथवर सगळं ठीक झालं. पण ती लहान कॅप्सूल बंद केली आणि चौथ्या दिवशी साबियाला नजर एका बाजूकडून दुसरीकडे वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. जमीन हलायची. भाजीवाल्यानं पिशवी उशिरा दिली म्हणून ती रस्त्यात रडली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली आणि दोन दिवसांत सगळं थांबलं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. हा जुना आजार परत आला असं नाही, शरीराला इतक्या वर्षांची सवय आहे आणि शेवटची पायरी त्याला फार उंच पडते. बाजारात याहून लहान कॅप्सूल मिळत नाही, तेव्हा पायऱ्या आपणच लहान करायच्या. या कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात. कॅप्सूल उघडायची, दाणे वजन करून थोडे काढायचे, उरलेले रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून गिळायचे. चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. दर चार आठवड्यांनी चालू वजनाचा दहावा भाग कमी. त्रास झाला तर तिथेच थांबायचं आणि फोन करायचा. सगळ्याच गोळ्यांना हे चालत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. कागदावर त्यांनी वजनांची उतरंड लिहून दिली. पूर्ण कॅप्सूलमधल्या दाण्यांच्या एकशेवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात होती आणि शेवटापर्यंत जायला दीड-पावणेदोन वर्षं लागणार होती.

सोनार वापरतात तसा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा अजिमनं मागवला. हातभर मोठ्या पान्यानं काम करणाऱ्या माणसाला त्या तळहाताएवढ्या वस्तूचं फार कौतुक वाटलं. काट्याचे हट्ट त्याला लगेच कळले. पंखा चालू असला की आकडा स्थिर राहत नाही. जवळून कुणी चाललं तरी तो दोन-तीन मिलिग्रॅम हलतो. त्यात गॅरेजला लागून पत्रा ठोकून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचं शेड होतं. प्रेस चालू असला की भिंतीतून हादरे यायचे आणि काटा नाचायचा. म्हणून वजन गुरुवारी सकाळी करायचं ठरलं, कारण गुरुवारी या भागातल्या एमआयडीसीची सुट्टी आणि प्रेस बंद. साबियाच्या कंपनीची सुट्टी रविवारची, म्हणजे गुरुवारी ती कामावर. आणि कॅप्सूल बंद होती त्या आठ दिवसांच्या आठवणीनं काट्यापुढे बसलं की तिचा हात थरथरायचा. अजिम म्हणाला, मी करतो.

तो करायचाही मन लावून. हात आधी रॉकेलनं, मग साबणानं दोनदा धुवायचा. काटा सुरू करून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, सोबत आलेलं वीस ग्रॅमचं वजन ठेवून आकडा बरोबर येतो का बघायचा. मग कागदाच्या घडीत दाणे ओतून, चिमट्यानं एकेक कमी करत, वजन जुळलं की कॅप्सूलमध्ये भरायचा. सात वारांच्या सात खणांची एक डबी होती, ती भरून फ्रिजवर ठेवायचा आणि वहीत तारीख आणि वजन लिहायचा. पहिल्या महिन्यात एकशेआठ, दुसऱ्या महिन्यात सत्त्याण्णव. साबियाला काहीही झालं नाही. ती कामावर जात होती, घरी येऊन रुबीनाचा अभ्यास घेत होती, हसत होती.

आणि तिथेच अजिमच्या मनानं उचल खाल्ली.

त्याला त्या कॅप्सूल घरात नको होत्या. हे तो कुणाला बोलला नव्हता. बाळ गेलं त्या दिवशी दुपारी साबियानं त्याला फोन केला होता, की बाळ हलत नाहीये असं वाटतंय. तो तेव्हा निघोज्याला एका बंद पडलेल्या टेम्पोखाली होता. तासाभरात येतो म्हणाला आणि चार तासांनी आला. दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. फ्रिजवरची डबी दिसली, की त्याला ते चार तास दिसायचे. सात वर्षं असं चाललं होतं आणि आता कागद सांगत होता की अजून दीड वर्ष.

तिसऱ्या महिन्यात कागदावर सत्त्याऐंशी होते. अजिमनं ऐंशी भरले. वहीत सत्त्याऐंशी लिहिले. कॅप्सूल बाहेरून तशीच दिसत होती. साबियाला काही जाणवलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरतात, माझा अंदाज बरोबर आहे. टेम्पोचं इंजिन तो कानानं जुळवायचा आणि ते बरोबर निघायचं. चौथ्या महिन्यात अठ्ठ्याहत्तरच्या जागी त्यानं बासष्ट भरले. साबियाची झोप जरा मोडायला लागली, पण तिनं ते उकाड्यावर ढकललं. पाचव्या महिन्यात, म्हणजे एप्रिल लागता लागता, एकाहत्तरच्या जागी पंचेचाळीस.

दहा दिवसांत साबियाच्या डोक्यात पुन्हा करंट बसायला लागला. लाइनवर बोर्ड तिच्यापुढे फिरायचा. ज्या पिना ती न बघता बसवायची, त्या चुकीच्या घरात जाऊ लागल्या आणि तिचे दोन हार्नेस तपासणीतून परत आले. लाइनची लीडर प्राजक्ता तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं साबियाला बाजूला बसवून पाणी दिलं आणि दुपारच्या बसनं घरी पाठवलं. साबिया बसमध्ये डोळे मिटून बसली. डोळे उघडले की खिडकीबाहेरचं सगळं सरकायचं आणि डोक्यात चटका बसायचा.

तिनं वही काढून पाहिली. वहीत सगळं कागदाप्रमाणे होतं. मग चूक माझ्यातच आहे, असं तिनं धरलं. एवढ्या लहान लहान पायऱ्या करूनही मला जमत नाही, म्हणजे मी या औषधाशिवाय उभीच राहू शकत नाही. अजिमला ती एवढंच म्हणाली, की उद्या डॉक्टरांकडे जायचंय. अजिम रात्रभर कूस बदलत राहिला.

डॉक्टरांच्या खोलीत साबियानं सगळं सांगितलं. मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, मला परत पूर्ण कॅप्सूल द्या. कमी करायचं आता पुन्हा काढू नका. काही माणसांना नाहीच जमत, त्यातली मी. तिचा आवाज अगदी शांत होता आणि अजिमला तो ओळखीचा होता. सात वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडण्याआधी ती अशीच बोलायची.

अजिम म्हणाला, "मॅडम, तिचं काही चुकलेलं नाही. दाणे मी कमी भरले. वहीत खोटं लिहिलंय."

साबियानं त्याच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरही रागावल्या नाहीत, त्यांनी पेन उचललं आणि कुठल्या आठवड्यात किती भरले ते विचारलं. अजिमला सगळे आकडे पाठ होते. लिहून झाल्यावर डॉक्टर साबियाला म्हणाल्या, की पाच महिन्यांत तुम्ही जवळजवळ दोन तृतीयांश औषध सोडलंत, या वेगानं कुणालाही हेच झालं असतं. ज्या वजनावर तुम्ही शेवटच्या नीट होतात, त्या ऐंशीवर परत जाऊ आणि दोन महिने तिथेच थांबू. पुढे जायचं की नाही हे त्यानंतर तुम्ही ठरवा. मग अजिमकडे वळून त्यांनी एवढंच सांगितलं, की औषधाबद्दल मनात काही आलं तर ते माझ्यापुढे बोलायचं, डबीत करायचं नाही.

दोघं स्कूटरवरून घरी आले. रुबीना क्लासला गेली होती. साबियानं फ्रिजवरची डबी, काटा, चिमटा, वही सगळं उचलून आपल्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. अजिम दारातच उभा होता.

साबिया म्हणाली, "मला वेड लागायची वेळ आली होती. माझ्या डोक्याचं माप तुम्ही मला न विचारता ठरवलंत."

"लवकर सुटका व्हावी तुझी त्यातून, म्हणून."

"माझी की तुमची?"

तो खाली जाऊन गॅरेजमध्ये बसला. तीन आठवडे त्यांच्या घरात कामापुरतं बोलणं चाललं. डबा, पाणी, रुबीनाची फी भरलीत का, एवढंच. साबियाच्या डोक्यातले चटके चार दिवसांतच थांबले, पण अजिमनं दिलेला चहाचा कपसुद्धा ती एकदा बघून मगच तोंडाला लावायची. ते अजिमच्या लक्षात यायचं.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी रुबीना झोपली होती आणि साबिया मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. अजिम तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्यानं त्या चार तासांचं सांगितलं. टेम्पो कुणाचा होता, काय बिघडलं होतं, दोन वेळा निघायला उठला होता आणि दोन्ही वेळा मालकानं कसं थांबवलं, सगळं. मशीन थांबलं.

साबियानं हातातला अभ्रा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाळ दोन दिवस आधीच गेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला त्याच रात्री सांगितलं. तुम्हाला माहीत असेल, असंच मी समजत होते."

त्याला माहीत नव्हतं. त्या रात्री तो कागदावर सह्या करत होता आणि नंतर त्यानं कधी विचारलंच नाही. तिनं कधी सांगितलं नाही, कारण त्या विषयावर दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. तो तिथेच बसून रडला. साबियानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो विषय वेगळा आणि डबीचा विषय वेगळा, हे तिनं मनात पक्कं ठेवलं होतं. काटा तिनं परत दिला नाही.

जुलैमध्ये ती पुन्हा उतरायला लागली, यावेळी स्वतःच्या हातानं. गुरुवारी कामावरून आल्यावर पंखा बंद करून ती काट्यासमोर बसायची. पहिल्या दोन खेपांना हात थरथरला. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं, की हार्नेसच्या पिना याहून काही फार मोठ्या नसतात. अजिमला सात कॅप्सूल भरायला तास लागायचा, तिला पंचवीस मिनिटं पुरू लागली. वहीत ती खरं वजन लिहायची आणि शेजारी त्या आठवड्यात कसं वाटलं ते. ‘बरं.’ ‘झोप कमी.’ ‘रुबीनावर विनाकारण ओरडले.’ एकदा पावसाळ्यात ताप आला तेव्हा तिनं पुढची पायरी न उतरता सहा आठवडे तिथेच मुक्काम केला. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, हेच हवं. वही टेबलावर उघडीच असायची. अजिम ती वाचायचा आणि ‘झोप कमी’ दिसलं की सकाळचा डबा स्वतः करायचा.

वजन वीसच्या खाली गेल्यावर काट्यापेक्षा दाणे मोजणंच सोपं झालं. बावीस दाणे, मग वीस, मग अठरा. घाई कुणालाच नव्हती. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात एका शनिवारी तिनं चार दाण्यांची शेवटची कॅप्सूल घेतली. पुढचे तीन आठवडे थोडे जड गेले, चटकन डोळे भरून यायचे, एक-दोनदा डोक्यात चटका बसला. मग तेही ओसरलं.

फेब्रुवारीत ती डॉक्टरांना भेटायला गेली. अजिम सोबत होता, पण यावेळी तो बाहेर बाकावर बसला. कसं वाटतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली, की सासूबाई फोनवर बोलल्या आणि मला रडू आलं, मायेनंच बोलल्या होत्या तरी. पूर्वी इतकं यायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, येऊ दे, पण सलग पंधरा दिवस सकाळी उठावंसं वाटलं नाही तर वाट बघू नका, इकडे या. तेव्हा औषध परत लागलं तर तेही घेऊ, त्यात हार नाही. साबियानं मान हलवली. तीन महिन्यांनंतरची तारीख घेतली.

बाहेर आल्यावर अजिमनं विचारलं, काय म्हणाल्या. तिनं सगळं सांगितलं, पंधरा दिवसांचंही. तो म्हणाला, मला कसं कळेल तुझं सकाळचं?

"विचारायचं," साबिया म्हणाली.

चौकातल्या गाडीवर दोघांनी पोहे खाल्ले. तिची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. त्यानं तिला नाक्यावर सोडलं आणि बस येईपर्यंत तो तिथेच थांबला.