पाठीवरचा पाच नंबर

खेळाच्या मास्तराला गावात मान कमी आणि शिट्टी मोठी. गणिताच्या मास्तराकडं पालक शिकवणीसाठी हात जोडून येतात. माझ्याकडं येतात ते पोरीचा पाय मुरगळला म्हणून भांडायला. तरी पुणतांब्याच्या पुढच्या आमच्या गोदाकाठच्या गावात माझ्या खो-खोच्या मुली दरवर्षी जिल्ह्यात नाव काढायच्या, आणि त्यातली सगळ्यात चपळ माझीच मुलगी होती. हे मी गावात कुणालाही सांगायचो. तिला मात्र कधी सांगितलं नाही. कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात, असं माझं ठाम मत होतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा ती आठवीत होती. राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली, ती रद्द झाली. त्याच आठवड्यात आम्हा मास्तरांना चेकपोस्टची ड्युटी लागली. मला नदीवरचा पूल मिळाला. गळ्यात शिट्टी, हातात काठी, तोंडाला मास्क. उभा जन्म 'पळा, पळा' म्हणून ओरडलो आणि आता 'घरी बसा' म्हणून ओरडायचं. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. दूधवाल्याला, कांद्याच्या टेम्पोवाल्याला अडवताना माझ्या अंगात साहेब शिरायचा.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, पहाटे ग्राउंडवर कुणीच नसतं. दोन राउंड मारून येऊ?"

"येडी हाय का तू? मी पुलावर लोकांना काठी दाखवतो आन् माझीच पोरगी ग्राउंडवर पळती? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग काकांच्या शेतात जाऊ?"

शेत पुलाच्या पलीकडं होतं आणि पुलावर मीच उभा होतो. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे ती बूट हातात घेऊन हळूच दाराची कडी काढताना सापडली. मी बूट हिसकावले, माझ्या लोखंडी कपाटात टाकले आणि किल्ली खिशात घातली. मी ड्युटीवर गेलो आणि बूट साफ विसरलो.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. मोटारसायकल लावल्यावर उरेल तेवढंच अंगण. ती आतल्या खोलीत गेली ती तिथलीच झाली. सकाळी मोबाईलवर शाळेचे तास, दुपारी चटईवर आडवी, संध्याकाळी पुन्हा मोबाईल. मे महिन्यात पत्रा तापून माणूस भाजून निघायचा, तरी ही डोक्यावरून चादर घेऊन पडलेली. हालचाल बंद आणि खाणं चालू, त्यामुळं अंग सुटलं. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात बसून खाणाऱ्याइतका नालायक माणूस दुसरा नाही. मी तर खेळाचा मास्तर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात, असं मला वाटायचं, आणि माझा राग जेवायच्या वेळी बाहेर पडायचा. ती भाकरी घ्यायला लागली की मी मोठ्यानं मोजायचो. "दुसरी. तिसरी. येऊ दे चौथी, लाजू नको."

थोड्या दिवसांनी ती एकाच भाकरीवर उठायला लागली. मी म्हणालो, नाटकं.

बायको मला मोरीपाशी गाठून हळू आवाजात सांगायची. "अहो, पोरगी बोलत न्हाई. केस इंचरत न्हाई. दुपारी हाक मारली तर नुसती पंख्याकडं बघत पडती. मला भ्या वाटतंय तिचं."

"अंगाला काम न्हाई म्हणून सुचतं हे. मोबाईल बघताना बरी डोळं उघडतात."

बायको भांडी घासायला वळली. आमच्या घरात माझ्यापुढं सगळेच गप्प बसायचे, आणि त्याला मी शिस्त म्हणायचो.

पावसाळ्यात हेडमास्तरांनी हुकूम काढला की मुलं घरी बसून आळसावली आहेत, खेळाच्या मास्तरांनी व्यायामाचे व्हिडिओ करून शाळेच्या ग्रुपवर टाकावेत. मला तेच पाहिजे होतं. अंगणात मोटारसायकलीवर मोबाईल टेकवून मी सूर्यनमस्कार घातले, दोरीवरच्या उड्या मारल्या, उठाबशा काढल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरात चटईवर पोरगी लोळतीय आणि मी गावभरच्या पोरांना 'उठा' म्हणून सांगतोय. पालकांचे अंगठे आले, हात जोडलेले आले. एका व्हिडिओला मात्र काही जोर येईना. मग मला एक कल्पना सुचली. मोबाईल चालू ठेवूनच मी आतल्या खोलीच्या दारात गेलो. ती दाराकडं पाठ करून चटईवर झोपली होती. मी दहा-बारा सेकंद तिच्यावर मोबाईल धरला आणि शाळेतल्या आवाजात म्हणालो, "मुलींनो, हे पोतं बघून घ्या. घरात बसून बसून असं होतं. असं व्हायचं नसंल तर उठा!"

अंगठे धो धो आले. हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं आली. हेडमास्तरांनी 'परिणामकारक' असं लिहिलं.

ती त्याच ग्रुपमध्ये होती. तासासाठी मोबाईल तिच्याच हातात असायचा. दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली. कित्येक दिवसांनी ती आपणहून माझ्यासमोर उभी राहिली होती.

"पप्पा, ते काढा ना ग्रुपवरनं."

"का? तोंड दिसतंय का तुझं? कुणाला कळतंय?"

ती आत गेली. बायको चुलीपुढून उठून आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, "तोंड न्हाई दिसत, पर पाठ दिसती की! नंबर दिसतो!"

मी पुन्हा व्हिडिओ लावला. मुलगी जिल्ह्याच्या संघाची जर्सी घालून झोपली होती. अंगावर ताणून बसलेली, आणि पाठीवर मधोमध पाच नंबर. ग्रुपवरच्या अख्ख्या संघाला तो नंबर पाठ होता. मी व्हिडिओ काढू शकलो असतो. पण हेडमास्तरांनी तो एव्हाना तालुक्याच्या ग्रुपवर पाठवला होता, कौतुक चाललं होतं, आणि मास्तरानं माघार घेतली तर त्याची शिट्टी कोण ऐकणार? मी तो राहू दिला.

दोन दिवसांनी ती जर्सी मोरीच्या दारात पायपुसणं म्हणून पडलेली दिसली. मी म्हणालो, "बरं केलंस. नाहीतरी होत न्हवतीच तुला." आणि पाय पुसले.

पुढं शाळा उघडली तेव्हा ती दहावीत होती. मला वाटलं, आता ग्राउंडवर उतरली की आपोआप ताळ्यावर येईल. पहिल्याच दिवशी मी दारात उभं राहून ओरडलो, "चल आवर! बूट कुठंयत तुझे?"

"तुमच्या कपाटात."

मी कपाट उघडलं. बूट होते तसेच पडलेले, तळव्याला ग्राउंडची माती चिकटलेली. सव्वा-दीड वर्ष मी तिला बसल्याबद्दल शिव्या घातल्या होत्या आणि तिचे बूट माझ्याच कपाटात कुलपाखाली होते. तिनं ते एकदाही मागितले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी तोंडानं म्हणालो, "घाल लवकर." तिनं पाय घालून पाहिले. पाय वाढले होते, टाचा आत जाईनात. ती चपला घालून आली आणि ग्राउंडवर काढून ठेवल्या.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी ओळीनं बसतात आणि नववी पळते. पाठीमागून 'खो' मिळाला की बसलेलीनं उठून सुटायचं. माझी मुलगी चौथ्या जागी बसली. बसायची ढब तीच होती, टाचा उचललेल्या, हात जमिनीला. मला बरं वाटलं. मागून खो मिळाला. ती उठली नाही. पुन्हा खो, या वेळी पाठीवर जोरात थाप. ती उठली नाही. ग्राउंडच्या कडेला बसलेल्या सातवीतल्या एका बारक्या पोरीनं टाळ्या वाजवत आरोळी ठोकली, "ऊठ की गं पोतं!" आणि सगळ्या हसल्या.

मी शिट्टी मारली आणि त्या बारकीचा दंड धरला. "कुणी शिकवलं हे बोलायला?"

ती घाबरली, पण खोटं बोलली नाही. "सर, तुमीच म्हणला हुता की व्हिडिओत."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. फक्त माझी मुलगी समोर जमिनीकडं बघत बसून होती. तिच्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसायला पाहिजे होतं, चुकलो म्हणायला पाहिजे होतं. तेवढीच वेळ होती ती. मी म्हणालो, "चला, खेळ चालू करा." तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली. माझी मुलगी उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. पुन्हा ग्राउंडवर आली नाही. बाजारात जायचं तरी ग्राउंड टाळून मागच्या गल्लीनं जायची.

आता ती नर्सिंगला आहे. माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी विचारतो, तेवढ्याचंच उत्तर देते.

गेल्या हिवाळ्यात मुलींना सूर मारून दाखवताना माझा पाय मोडला. या वयात कुणी सांगितलं होतं? मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. त्याच आतल्या खोलीत, त्याच पंख्याखाली मी पडलो. दोन आठवड्यांत पोट सुटलं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मला काहीही कारण नसताना रडू आलं, आणि कुणी बघू नये म्हणून मी डोक्यावरून चादर घेतली. आत गेल्यावर आठवलं की ही चादर अशी आधी कोण घ्यायचं.

सुट्टीला मुलगी घरी आली. पायाची बोटं सुजली होती. तिनं नीट दाबून पाहिली, मान हलवली आणि मोबाईल माझ्यावर धरला.

मी दचकलो. बनियन वर सरकलेलं, पोट उघडं, दाढी वाढलेली. मी चादर भराभर पायापासून गळ्यापर्यंत ओढली. "अगं, कशाला? कुठं टाकू नको गं, ग्रुपवर बिपवर."

"डॉक्टरांना पाठवायचाय. सूज बघायला."

"तरी पण..."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नर्स पेशंटकडं बघते तसं.

"तोंड नाही दिसत, पप्पा. कुणाला कळतंय?"

तिनं पायावरची चादर बाजूला केली आणि फोटो काढला.