साडूंचं सरकतं दार

उद्या या जगातले सगळे चोर सुधारले आणि कामधंद्याला लागले, तर पोलिसांच्याही आधी आमचे साडू बेकार होतील. चोर या प्राण्याचा त्यांच्याइतका मनापासून विचार करणारा माणूस मी पाहिलेला नाही. चोर कुठून येईल, त्याला आधी काय दिसेल, तो हात कुठे घालेल, याची काळजी ते सकाळच्या चहापासून वाहतात. बुटांचा एक प्रसंग सोडला, तर आजवर एकाही चोराने त्यांच्या या आस्थेची दखल घेतलेली नाही.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध. मी डोंबिवलीचा, ते ठाण्याचे, नौपाड्यातले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. कुठे काय बिघडू शकतं हे शोधण्याचा त्यांना पगार मिळायचा; निवृत्त झाल्यावर पगार थांबला, शोध थांबला नाही. आमच्याकडे आले की चहाच्या आधी ओट्याखाली वाकून गॅसची नळी बघतात. लग्नामुंजीला गेले की अक्षता हातात घेऊन हॉलची मागची दारं उघडतात की नाही ते तपासून येतात. एका मुंजीत असं एक दार उघडलं, तर आत आचारी आंघोळ करत होता. साडूंनी त्याला शांतपणे सांगितलं, "चालू द्या. दार उघडतं एवढंच बघायचं होतं." बाहेर जाताना कुलूप लावलं की ते आधी ओढून बघतात, मग त्याला लोंबकळतात, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात आणि पुन्हा लोंबकळतात. "आमची कुलपं चोराने नाही, यांच्याच वजनाने मोडतात," असं माझी मेव्हणी म्हणते.

बुटांचं असं झालं. दाराबाहेर दणकट माणसाचे बूट दिसले की चोर आत शिरायला धजावत नाही, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं. साडू स्वतः चणीने लहान, त्यांच्या चपलांना कोणी घाबरण्यासारखं काही नव्हतं. म्हणून गावी जायच्या आधी त्यांनी खोपटच्या एसटी डेपोबाहेरच्या फुटपाथवरून राक्षसाच्या मापाचे बूट आणले आणि दारात मांडून ठेवले. गावाहून परत आले तेव्हा घर जागच्या जागी होतं आणि बूट गेले होते. दुसरा कोणी ओशाळला असता. साडूंनी मला मुद्दाम फोन केला. "बघा साडूबुवा, मी काय म्हणत होतो? येतो. चोर येतो!" मुलगा परीक्षेत पहिला आल्यावर बाप जसा बोलतो तसे ते बोलत होते.

पण जुन्या बिल्डिंगमध्ये हे सगळं हौसेपुरतंच होतं. दोन मजल्यांची ती इमारत, सगळ्यांची दारं एकाच गॅलरीत, आणि ती दिवसभर सताड उघडी. गॅलरीत कोणी ना कोणी तांदूळ निवडत बसलेलं. चोराला आत शिरायचं म्हणजे आधी दहा जणांना "बरंय ना?" असं विचारत यावं लागलं असतं. साडूंच्या समोरच्या बिऱ्हाडात माई राहायच्या. मेव्हणी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासूनची दोघींची मैत्री, आणि ती सगळी एका वाटीवर चाललेली. माईंकडून वाटीभर डाळिंब्यांची उसळ यायची. वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून मेव्हणी तिच्यात मेथांबा घालून पाठवायची. तो खाल्ला की माईंना वाटी रिकामी पाठवता येत नसे, म्हणून त्या खरवस घालायच्या. अशी ती वाटी वर्षानुवर्षं गॅलरी ओलांडत राहिली. मुळात ती कोणाच्या घरची, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही.

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला. खाली गाड्या, त्यांच्या वर पोडियम, पोडियमवर चार झाडं आणि दोन बाकं. साडूंना आणि माईंना पोडियमच्या मजल्यावरच घरं मिळाली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि दोघांच्याही दिवाणखान्याला पोडियमवर उघडणारं, जमिनीपासून छतापर्यंत काचेचं सरकतं दार. ताब्याच्या दिवशी सगळे म्हणाले, काय उजेड आहे, काय हवा आहे! साडू त्या दाराकडे घोडनवऱ्याकडे बघावं तसे बघत होते. मग त्यांनी दोन्ही तळवे काचेला टेकवले, दार जरासं वर उचललं आणि रुळावरून बाहेर काढून दाखवलं. "झालं," ते म्हणाले. "कुलूप तसंच. चोर आत."

पहिल्या रात्रीपुरतं त्यांनी खालच्या रुळात मेव्हणीचं लाटणं आडवं घातलं. मापात इतकं बरोबर बसलं की ते तिथलंच झालं. पुढे महिनाभर त्या घरात पोळ्या होईपर्यंत सुरक्षा नसे आणि सुरक्षा असेपर्यंत पोळ्या नसत. शेवटी मेव्हणी माहेरी, म्हणजे आमच्याकडे, निघून येण्याची भाषा करू लागली, तेव्हा लाटण्याच्या जागी पाइपचा तुकडा आला. दार उचलता येऊ नये म्हणून वरच्या रुळात स्क्रू आले. आणि त्यानंतर आले सेन्सर.

एक सेन्सर चौकटीवर आणि त्याचं चुंबक दारावर. दार सरकून दोघांची ताटातूट झाली की सायरन. दुसरा काच फुटल्याचा आवाज ओळखणारा. तो इतका हुशार होता की त्याला स्टीलचं ताट पडल्याचाही आवाज काच फुटल्यासारखाच वाटे. तिसरा दाराच्या थरथरीवर, म्हणजे प्रत्यक्षात कबुतरांवर. बसवणारा माणूस घाम पुसत म्हणाला, "काका, ज्वेलरकडे पण एवढे नाय लावत आपण." साडूंना तो आपला गौरव वाटला. काचेवर इंग्रजीत इशाऱ्याचा लाल स्टिकर लागला. दुपारची झोप आणि तिन्हीसांजा, या दोन वेळा चोराच्या खास आवडीच्या म्हणून तेव्हा यंत्रणा चालू झालीच पाहिजे, असा नियम झाला. तिन्हीसांजेला दार लावलेलं मेव्हणीला चालेना. "दिवेलागणीला लक्ष्मी यायची वेळ, आणि दार बंद?" साडू म्हणाले, "तिने पुढच्या दाराने यावं." मेव्हणी म्हणाली, "मग तिला तुमचा कोड कळवून ठेवा."

हे सगळं बसलं तेव्हा माई लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि दुसऱ्याच दुपारी वाटी पदराखाली धरून पोडियम ओलांडून निघाल्या. त्या पुढच्या दाराने कधीच येत नसत. "बेल वाजवून यायला मी काय कुरिअरवाली आहे?" असं त्या म्हणायच्या. आता गॅलरीच्या जागी पोडियम आणि उंबऱ्याच्या जागी रूळ, एवढाच त्यांच्या लेखी फरक. चष्मा घरी होता, त्यामुळे स्टिकर दिसला नाही. पाइपचा तुकडा घालायचा त्या दुपारी साडू विसरले होते, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. माईंनी दार सरकवलं.

त्याच क्षणी डोंबिवलीत आमचा फोन वाजला. माझ्या बायकोने उचलला तर साडूंचाच आवाज. "लक्ष द्या. माझ्या घरात घुसखोर शिरला आहे. घाबरून जाऊ नका." बायको किंचाळली, "अहो भावोजी, तुम्ही कुठे आहात पण?" त्यावर साडू म्हणाले, "लक्ष द्या. माझ्या घरात घुसखोर शिरला आहे." हा सायरनबरोबर आपोआप लागणारा फोन आहे आणि आवाज रेकॉर्ड केलेला आहे, हे आम्हाला कळेपर्यंत तिकडे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढचं मला मेव्हणीने सांगितलं. सायरन इतका मोठा की वरच्या मजल्यांवरचे लोक बाल्कन्यांत आले आणि बऱ्याच जणांचे मोबाइल चित्रीकरणासाठी वर झाले. दोन वॉचमन काठ्या घेऊन धावत आले. माईंच्या हातून वाटी पडली होती, पांढऱ्या फरशीवर उसळ सांडली होती, आणि दाराची मूठ सोडली तर आणखी काही होईल या भीतीने त्या ती धरून तशाच उभ्या होत्या. साडू आतल्या खोलीतून भर दुपारी टॉर्च घेऊन बाहेर आले. कारखान्यात त्यांनी जन्मभर एक पद्धत शिकवली होती: अनोळखी माणूस दिसला, तर आधी ओळख पटवायची, मग पुढचं. त्यांनी टॉर्चचा झोत माईंच्या तोंडावर धरला आणि विचारलं, "नाव सांगा."

माईंनी नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. शाळेतल्या मुलीसारखं, पुटपुटत. मग सायरन बंद झाला, साडूंच्या ध्यानात आलं, ते "अहो, माई!" म्हणेपर्यंत त्या वळल्या होत्या. "येते मी," एवढंच म्हणाल्या आणि सगळ्या बाल्कन्यांच्या देखत पोडियम ओलांडून गेल्या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. माई त्या ग्रुपवर नव्हत्या, त्यांची सून होती.

त्यानंतर माई आल्या नाहीत. मेव्हणी दोनदा जाऊन आली. चहा मिळाला, बोलणं झालं, पण उठताना "ये ना गं" म्हटलं की माई "बघते" म्हणायच्या. मेव्हणी भांडली नाही, हेच साडूंना जड गेलं. तिने ती वाटी घासून, पुसून, सरकत्या दाराशी टीपॉयवर ठेवून दिली. "स्टिकर लावला होता मी," साडू म्हणाले. तिने वाटी उचलून पुन्हा एकदा पुसली. चार दिवसांनी ते म्हणाले, "ती वाटी देऊन येतेस का?" तेव्हा ती म्हणाली, "मी नाही. तुम्ही द्यायची. आणि रिकामी द्यायची नाही."

साडूंनी नाक्यावरच्या दुकानातून श्रीखंड आणून वाटीत भरलं. मेव्हणीने ते परत डब्यात काढलं. "विकतचं वाटीतून देतात होय?" साडूंना आयुष्यात चहापलीकडे काही करता येत नव्हतं. रविवारी मेव्हणीचा आम्हाला फोन आला, "दोघं या. बघण्यासारखं आहे."

खरंच होतं. साडू शिरा करत होते. ओट्याशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं, खांद्यावर ओला टॉवेल, खिडक्या उघड्या, आणि काच फुटल्याचा सेन्सर कढई आदळली तर ओरडू नये म्हणून बंद केलेला. मेव्हणी हाताची घडी घालून दारात उभी. मदत करायची नाही, असा तिचा पण होता. रवा तांबूस झाला, मग तपकिरी झाला. साडूंनी गार पाणी एकदम ओतलं आणि वाफेचा लोट आला तसे ते नळकांड्याकडे झेपावले. शेवटी जे झालं त्याला शिरा म्हणण्यासाठी आपलेपणा असावा लागतो. पण त्यांनी ते वाटीत भरलं, वर एक बेदाणा मधोमध बसवला आणि मला म्हणाले, "चला बरोबर." इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बारीक ऐकला.

माईंच्या पुढच्या दाराशी जाऊन त्यांनी बेल दाबली. आतून माईंचा आवाज आला, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांगा."

त्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. म्हातारं माणूस बंद दारामागून विचारतं तसं त्यांनी विचारलं; मुद्दाम की सहज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साडूंनी वाटी दोन्ही हातांत धरली आणि सावकाश सांगितलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग म्हणाले, "जुन्या बिल्डिंगमधला. तुमच्या समोरचा."

दार उघडलं. माईंनी वाटी घेतली, चष्मा सारखा करून तिच्यात पाहिलं. "पाणी गार घातलंत."

"हो."

"गुठळ्या झाल्यात. बसा, चहा टाकते." माफी वगैरे कोणी मागितली नाही, शिरा समोर होताच.

दोन दिवसांनी साडूंच्या घरची बेल वाजली. माई दारात उभ्या होत्या, वाटीत अळूवडी घेऊन. मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलंही नाही. आता वाटीचं येणं-जाणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू आहे, गप्पाही तशाच रंगतात. फरक एवढाच, की माई पुढच्या दाराने येतात. दर वेळी. बेल वाजवून.

साडूंनी सरकत्या दारावरचे सेन्सर स्वतःच्या हाताने काढले. स्टिकर खरवडला, त्याचा चिकट चौकोन अजून काचेवर आहे. "माई, मागचं दार उघडंच असतं हं," असं त्यांनी सांगूनही पाहिलं. "हो का? बरं झालं, हवा येते," माई म्हणाल्या. परवा दुपारी मी तिथे होतो. साडू झोपले नव्हते. सरकतं दार पुरतं उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून ते पोडियमकडे बघत बसले होते. दोन कबुतरं रूळ ओलांडून खुशाल आत येऊन फिरत होती, त्यांना ते हटकतही नव्हते. चोराची वाट बघण्यात या माणसाचं आयुष्य गेलं, पण इतक्या आशेने दाराकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात पाठीमागे बेल वाजली. साडू उठले, आणि भिंगातून न बघता, कोण म्हणूनही न विचारता, त्यांनी पुढचं दार उघडलं.